कॅलवर्क्सवर असताना कम्युनिटी कॉलेज: कॅलिफोर्नियातल्या आई-बाबांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही माहिती कॅलिफोर्नियासाठी आहे. इथे मुलं असलेल्या गरजू कुटुंबांना मिळणाऱ्या रोख मदतीला कॅलवर्क्स म्हणतात आणि ती काउंटीकडून मिळते. दुसऱ्या राज्यात योजनेचं नाव, तास, मुदती सगळं वेगळं असतं. फॅफ्सा (सरकारी शिक्षणमदतीचा अर्ज) आणि पेल ग्रँट (त्या अर्जावरून मिळणारी देशाची ग्रँट) यांचे नियम मात्र देशभर एकच आहेत.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढची निम्मी उत्तरं तिच्यावर उभी आहेत. काउंटीचं ऑफिस आणि कॉलेज एकमेकांशी बोलत नाहीत, असं धरून चाला. इकडचा कागद तिकडे न्यायचं काम तुमचंच. ज्यांची मदत मध्येच थांबते त्यांच्यातले बरेच जण अभ्यासात नापास झालेले नसतात. त्यांचा एखादा कागद वेळेवर पोचलेला नसतो, एवढंच.

काउंटीचे केसवर्कर म्हणतात, आधी नोकरी शोधा. मदत घेताना कॉलेजला जाताच येत नाही का?

येतं. कॅलवर्क्समधल्या मोठ्या माणसांनी 'वेल्फेअर-टू-वर्क' या भागात आठवड्याला ठरावीक तास काहीतरी करायचं असतं, आणि त्या 'काहीतरी'मध्ये शिक्षण बसतं. गोंधळ होतो तो देशाच्या कायद्यामुळे. त्यात व्यावसायिक शिक्षण १२ महिन्यांपर्यंतच धरलं जातं. पण ती मर्यादा राज्याच्या आकडेवारीसाठी आहे, तुमचं शिक्षण १२ महिन्यांत थांबावं यासाठी नाही. कॅलिफोर्नियात काउंटी त्याहून लांब अभ्यासक्रम मंजूर करू शकते आणि करते.

म्हणून तोंडी 'नाही' ऐकून परत फिरू नका. नकार लेखी मागा. लेखी नकारावर दाद मागणं सोपं जातं, तोंडी नकार सिद्ध करणं अवघड. आधीपासून कॉलेजात असाल तर मूल्यमापनाच्या भेटीतच, म्हणजे अप्रेझलमध्ये, ते सांगा आणि तुमचा अभ्यासक्रम 'सेल्फ-इनिशिएटेड प्रोग्रॅम' म्हणून मंजूर करायला सांगा. त्या भेटीच्या आधी प्रवेश झालेला असणं फार उपयोगी पडतं.

सुरुवात नेमकी कुठून करायची?

या क्रमाने करा. क्रम चुकला की महिना-दीड महिना सहज वाया जातो.

१. कॉलेजचा ऑनलाइन प्रवेश अर्ज. फुकट असतो. विद्यार्थी क्रमांक मिळाला की पुढची दारं उघडतात.

२. फॅफ्सा. खाली सविस्तर आहे.

३. कॉलेजमधलं कॅलवर्क्स ऑफिस. हे काउंटीच्या कॅलवर्क्स ऑफिसपेक्षा वेगळं, नाव मात्र तेच. इथली माणसं कॉलेजची नोकर असतात आणि तुमच्या बाजूने कागद भरून देतात. यांच्याशी ओळख करून घेणं हेच सगळ्यात मोलाचं काम.

४. समुपदेशकाकडून 'एज्युकेशनल प्लॅन' बनवून घ्या: कुठल्या सत्रात कुठले विषय, किती युनिट (विषय किती मोठा ते सांगणारं माप), शेवटी कुठलं प्रमाणपत्र किंवा पदवी आणि त्यावर कुठली नोकरी. शेवटची ओळ काउंटीसाठी महत्त्वाची आहे. नुसतं 'लिबरल आर्ट्स' लिहिलेला प्लॅन अडकतो, 'डेंटल असिस्टंट प्रमाणपत्र' लिहिलेला सहसा अडकत नाही.

५. तो प्लॅन आणि वर्गांचं वेळापत्रक घेऊन काउंटीकडे जा आणि करारात शिक्षण लिहून घ्या. त्या फॉर्मचं नाव डब्ल्यूटीडब्ल्यू २. त्यावर 'नोकरी शोधणे' असं आधीच छापून आलं असेल तर सही करू नका. पाळणाघर, पुस्तकं आणि प्रवास यांचा खर्च त्याच करारावरून मिळतो. करारात जे लिहिलं नाही, त्याचे पैसे नाहीत. पुस्तकांचे पैसे आगाऊ मागता येतात, हेही तिथेच विचारा.

आठवड्याला किती तास भरावे लागतात? कॉलेजचे तास कसे मोजतात?

एकट्या पालकाचं मूल ६ वर्षांखालचं असेल तर आठवड्याला २० तास. मूल मोठं असेल तर ३०. दोन्ही पालक घरात असतील तर दोघांचे मिळून ३५.

देशाच्या नियमाप्रमाणे वर्गातल्या प्रत्येक तासामागे घरच्या अभ्यासाचा एक तास धरता येतो. देखरेखीखाली केलेला अभ्यास, म्हणजे शिकवणी केंद्रात वगैरे, त्याहून वेगळा धरता येतो. १२ युनिट म्हणजे साधारण १२ तास वर्ग, अधिक १२ तास अभ्यास, एकूण २४. मूल चार वर्षांचं असेल तर झालं काम. मूल सात वर्षांचं असेल तर सहा तास कमी पडतात. ते कॅम्पसवरच्या वर्क-स्टडीने, म्हणजे विद्यार्थ्यांसाठीच्या अर्धवेळ नोकरीने, भरता येतात.

इथे एक गोष्ट हमखास नजरेतून सुटते. युनिट म्हणजे तास नव्हे. प्रयोगशाळेच्या एका युनिटला आठवड्याला तीन तास बसावं लागतं. म्हणजे अ‍ॅनाटमीसारखा चार युनिटचा विषय तीन तास व्याख्यान आणि तीन तास लॅब मिळून सहा तासांचा होतो. केसवर्करने युनिटचा आकडा बघून चार तास लिहिले तर तुमचे दोन तास, आणि त्यामागचा अभ्यास, हवेत विरतो. म्हणून युनिटचा कागद देऊ नका. कुठल्या दिवशी किती ते किती वर्ग आहे हे दाखवणारं वेळापत्रक द्या. पूर्णवेळ विद्यार्थ्याचे तास तुमची काउंटी कसे धरते, हेही लेखी विचारून घ्या. ऑनलाइन विषयांची हजेरी कशी सिद्ध करायची ते कॉलेजचं कॅलवर्क्स ऑफिस सांगेल.

बाळ २४ महिन्यांचं किंवा त्याहून लहान असेल तर तासांतून सूट मिळते, पण आयुष्यात एकदाच. सूट असतानाही स्वेच्छेने कॉलेज करता येतं.

फी किती, आणि ती कुठून भरायची?

कॅलिफोर्नियाच्या रहिवाशाला युनिटमागे ४६ डॉलर. कॅलवर्क्स घेणाऱ्याला 'कॅलिफोर्निया कॉलेज प्रॉमिस ग्रँट' मधून ही फी पूर्ण माफ होते. काउंटीचं मदतपत्र दाखवलं की पुरे. आरोग्य फी, पार्किंग, विद्यार्थी संघाचे चार-दोन डॉलर यांत येत नाहीत.

खरा खर्च फीचा नसतोच. पुस्तकं, लॅपटॉप, पेट्रोल, आणि नोकरीचे कमी झालेले तास हा खरा खर्च. त्यासाठी हे पैसे आहेत:

पेल ग्रँट. २०२५-२६ साठी वर्षाला जास्तीत जास्त ७,३९५ डॉलर. परत करायचे नसतात. तुमच्या आधारावर राहणारं मूल असेल तर फॅफ्सामध्ये तुम्ही 'स्वतंत्र' ठरता, मग वय १९ का असेना. आईवडिलांचं उत्पन्न लिहावं लागत नाही. गेल्या दोन वर्षांत कॅलवर्क्स, कॅलफ्रेश (किराण्यासाठी मदत), मेडी-कॅल (सरकारी आरोग्य विमा), डब्ल्यूआयसी (आई-बाळाच्या आहारासाठी मदत) यांतलं काही घेतलं का, या प्रश्नावर खूण करायला विसरू नका. उत्पन्न दोन वर्षांपूर्वीचं विचारतात. तेव्हा नोकरी होती आणि आता नाही, किंवा तेव्हा संसार एकत्र होता आणि आता नाही, तर फॅफ्सा खरा भरा आणि मग कॉलेजच्या फायनान्शियल एड ऑफिसकडे परिस्थिती बदलल्याचा अर्ज करा. त्यांना आकडे सुधारण्याचा अधिकार असतो.

कॅल ग्रँट. ही राज्याची ग्रँट. मुलं असलेल्यांसाठी यात वेगळी वाढीव रक्कम आहे, वर्षाला ६,००० डॉलरपर्यंत. पण ती आपोआप येत नाही. कॅल ग्रँट मिळाल्यावर राज्याच्या विद्यार्थी-मदत संकेतस्थळावर खातं उघडून 'मला अवलंबून असलेलं मूल आहे' असं वेगळं नोंदवावं लागतं. ही पायरी माहीत नसल्यामुळे हक्काचे पैसे राहून जातात. मुख्य मुदत २ मार्चच्या आसपास असते. ती चुकली तर कम्युनिटी कॉलेजवाल्यांसाठी २ सप्टेंबरची दुसरी मुदत आहे.

कॅल ग्रँटचा बी किंवा सी प्रकार मिळाला असेल तर 'स्टुडंट सक्सेस कंप्लिशन ग्रँट' वर मिळते: १२ युनिटला सत्रामागे १,२९८ डॉलर, १५ युनिटला ४,०००. फरक मोठा आहे, मोह होतो. पण पहिल्याच सत्रात लहान मूल सांभाळून १५ युनिट घेऊ नका. का, ते विषय सोडण्याच्या प्रश्नात लिहिलं आहे.

शिवाय ईओपीएस. १९६९ पासून चालत आलेली योजना, पुस्तकांसाठी मदत आणि सत्रात तीनदा समुपदेशकाची भेट. त्यातच एकट्या पालकांसाठी, कॅलवर्क्सवर असणाऱ्यांसाठी 'केअर' आहे. आत शिरताना पूर्णवेळ, म्हणजे १२ युनिट घेतलेले असावे लागतात. जागा भरतात, लवकर अर्ज करा.

माझ्याकडे भारतातलं बी.कॉम. आहे. फॅफ्सात ते लिहायचं का?

लिहायचं. पेल ग्रँट पहिली बॅचलर पदवी नसलेल्यांसाठी आहे आणि परदेशातली पदवीही त्यात धरली जाते. लपवलं आणि नंतर उघड झालं तर घेतलेले पैसे परत करावे लागतात.

पण गोष्ट इथे संपत नाही. आपल्याकडची बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. तीन वर्षांची असते, इथली बॅचलर चार वर्षांची. तुमची पदवी इथल्या बॅचलरच्या तोडीची नाही असा लेखी मूल्यांकन अहवाल दिलात तर कॉलेज तसा निर्णय घेऊ शकतं, आणि मग पेलचा रस्ता मोकळा होतो. निर्णय कॉलेजचा असतो, म्हणून आधी फायनान्शियल एड ऑफिसला विचारा की कुठल्या संस्थेचा अहवाल चालतो. मगच पैसे भरा. त्याच अहवालावरून काही विषयांचे युनिट मिळाले तर अभ्यासक्रमही लहान होतो. मुंबई-पुण्याच्या विद्यापीठातून गुणपत्रिका मागवायला वेळ लागतो, तेव्हा ते काम आधी सुरू करा.

पेल नाही मिळाली तरी प्रॉमिस ग्रँटची फीमाफी मिळू शकते. तिला आधीची पदवी आड येत नाही.

ग्रीन कार्ड आहे, पण पाच वर्षं झाली नाहीत. आणि एच-४ वर (एच-१बी वाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर) असेन तर?

ग्रीन कार्डवर फॅफ्सा पहिल्या दिवसापासून भरता येतो. रोख मदतीला देशाच्या कायद्यात पाच वर्षांची आडकाठी १९९६ पासून आहे, पण कॅलिफोर्निया स्वतःच्या पैशातून कॅलवर्क्स देते. 'पाच वर्षांनी या' असं कुणी म्हटलं तर ते देशाचा नियम सांगताहेत, राज्याचा नाही.

एच-४ वर स्वतःसाठी कॅलवर्क्स आणि फॅफ्सा दोन्ही नाही. इथे जन्मलेल्या मुलासाठी मात्र मुलाच्या नावाने मदत मागता येते. एच-४ वर कॅलिफोर्नियाचं रहिवासीपण सिद्ध करता येतं: एक वर्ष आणि एक दिवस राहिल्याचे, इथेच राहायचं आहे हे दाखवणारे कागद लागतात. भाडेकरार, चालक परवाना, राज्याचा कर परतावा. मग फी ४६ डॉलरच्या दराने लागते, नाहीतर बाहेरच्यांची फी कितीतरी पट असते. एफ-२ वर, म्हणजे विद्यार्थ्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर, हे चालत नाही.

घरात मारहाण, छळ असेल तर हा वेगळाच प्रश्न आहे आणि त्याची वेगळी दारं आहेत. नवरा सिटिझन किंवा ग्रीन कार्डधारक असेल तर इमिग्रेशनसाठी स्वतःचा वेगळा अर्ज करता येतो. तो प्राथमिक पातळीवर मान्य झाला की कॅलवर्क्स आणि फॅफ्साची दारं उघडू शकतात. नवरा एच-१बी वर असेल तर हा अर्ज लागू होत नाही, पण गुन्ह्याला बळी पडलेल्यांसाठीचा यू व्हिसा असतो, आणि त्याचा अर्ज केलेल्यांना कॅलिफोर्निया राज्याच्या पैशातून मदत देते. कॅलवर्क्समध्ये तासांचे आणि मुदतीचे नियम छळ सोसणाऱ्यांसाठी शिथिल करता येतात. मागावं मात्र लागतं. यातली कुठलीही पायरी मोफत विधीसाहाय्य देणाऱ्या इमिग्रेशन वकिलाला विचारल्याशिवाय टाकू नका. ग्रीन कार्डचा अर्ज पुढे करायचा असेल तर रोख मदत घेण्याआधीही विचारा, हे नियम बदलत असतात.

ग्रँटचे पैसे खात्यात आले तर कॅलवर्क्स कमी होईल का?

नाही. पेल, फेडरल वर्क-स्टडी आणि देशाच्या शिक्षणमदतीच्या त्याच कायद्याखालची बाकीची मदत ही सरकारी साहाय्य ठरवताना उत्पन्न म्हणून धरायचीच नाही, असं कायदा सांगतो. तरी खात्यात एकदम दोन-तीन हजार दिसले की प्रश्न येतो. कॉलेजचं अवॉर्ड लेटर छापून ठेवा. पैसा कुठून आला ते एका कागदात कळतं.

बाहेरच्या नोकरीचा पगार धरतात, पण सगळा नाही. महिन्याचे पहिले ६०० डॉलर सोडतात आणि उरलेल्याच्या निम्मे मोजतात. १,००० कमावले तर ४०० उरले, मोजले गेले २००.

वार्षिक फेरतपासणीनंतर सहा महिन्यांनी एसएआर ७ हा उत्पन्न आणि बदल कळवायचा फॉर्म येतो, त्या महिन्याच्या ५ तारखेपर्यंत द्यायचा. परीक्षेच्या आठवड्यात नेमका हाच राहतो. फोनमध्ये १ तारखेचा गजर लावा.

वर्गात असताना मूल कुठे ठेवायचं? आजीला ठेवलं तर?

कॅलवर्क्समधून पाळणाघराचे पैसे मिळतात आणि त्यात वर्गाचे, अभ्यासाचे आणि येण्याजाण्याचे तास धरतात. प्रवास विसरू नका. बसने चाळीस मिनिटं जात असाल तर रोजचे ऐंशी मिनिटं मागा. मान्यता सत्र सुरू होण्याच्या किमान महिनाभर आधी मागा, कारण जागा शोधण्यातच वेळ जातो. कॅम्पसवरच्या बालविकास केंद्राची प्रतीक्षायादी लांब असते. प्रवेशाच्याच दिवशी नाव घाला. २०२५-२६ पासून १ सप्टेंबरपर्यंत चार वर्षं पूर्ण होणाऱ्या प्रत्येक मुलाला सरकारी शाळेत टीके (किंडरगार्टनच्या आधीचं वर्ष) मिळतं, ते फुकट आहे.

आजी, मावशी, काका यांना सांभाळायला ठेवून काउंटीकडून पैसे घेता येतात. जवळच्या नातेवाइकांना ट्रस्टलाइन नोंदणीही (मूल सांभाळणाऱ्याची पार्श्वभूमी तपासणारी) लागत नाही. पण आजी भारतातून व्हिजिटर व्हिसावर आल्या असतील तर त्यांच्या नावाने पैसे घेऊ नका. त्या व्हिसावर मोबदला घेऊन काम करता येत नाही आणि त्याचा त्रास त्यांना पुढच्या वेळी होईल. त्या प्रेमाने नातवंडं सांभाळतात ते ठीक, पण त्या सहा महिन्यांत परत जातील. सत्राच्या मध्यावर मूल कुठे जाणार, ते आधीच ठरवा.

विद्यार्थ्यांना कॅलफ्रेश मिळत नाही असं ऐकलं.

अर्धवेळ किंवा जास्त शिकणाऱ्यांना एखादी सवलत लागू व्हावी लागते, आणि पालकांना ती बहुतेक वेळा असतेच: कॅलवर्क्स मिळत असेल, ६ वर्षांखालचं मूल सांभाळत असाल, एकटे पालक असून मूल १२ खाली आणि तुम्ही पूर्णवेळ असाल, किंवा ईओपीएसमध्ये असाल. यातलं एक पुरे. कॉलेजच्या बेसिक नीड्स सेंटरमध्ये अर्ज भरून देतात.

विषय झेपत नाहीये. सोडून दिला तर काय होतं?

तारखांवर अवलंबून आहे. सुरुवातीच्या मुदतीत सोडलात तर गुणपत्रिकेवर खूण राहत नाही. नंतर सोडलात तर 'डब्ल्यू' लागतो. डब्ल्यू म्हणजे नापास नाही, पण तो विषय 'घेतला' म्हणून मोजला जातो आणि 'पूर्ण केला' म्हणून मोजला जात नाही. ग्रँट चालू राहायला बहुतेक कॉलेजांत घेतलेल्यांपैकी ६७ टक्के युनिट पूर्ण आणि २.० सरासरी लागते. पहिल्या वर्षी २४ घेतले, १५ पूर्ण केले, तर ६२.५ टक्के. दुसऱ्या वर्षाची ग्रँट थांबली. १८ च घेऊन १५ पूर्ण केले असते तर ८३ टक्के झाले असते.

सगळेच विषय सोडायची वेळ आली तर सत्राचा ६० टक्के काळ हा आकडा लक्षात ठेवा. त्याआधी सगळं सोडलं तर पेलचा काही भाग परत मागतात, आणि ते देणं राहिलं की पुढची मदत अडते. त्यानंतर मागत नाहीत. मूल आजारी पडून दोन आठवडे गेले असतील तर सोडण्याआधी प्राध्यापकाकडे 'इन्कम्प्लीट', म्हणजे राहिलेलं काम नंतर पूर्ण करायची मुभा, मिळेल का ते विचारा. ग्रँट थांबलीच तर कारणाचे कागद जोडून अपील करता येतं, डॉक्टरची चिठ्ठी असेल तर बहुधा ऐकतात.

आणि काहीही करण्याआधी काउंटीला कळवा. १२ चे ९ युनिट झाले की तास घटतात, करार मोडल्यासारखा होतो. कळवलं आणि कारण योग्य असेल तर 'गुड कॉज' धरतात. न कळवता सापडलं तर तुमच्या वाट्याची मदत कापली जाते.

एवढं सगळं किती वर्षांत उरकायचं?

मोठ्या माणसाला कॅलवर्क्स एकूण ६० महिने. मुलांची मदत त्यानंतरही चालू राहू शकते. असोसिएट पदवीला ६० युनिट लागतात. सत्रामागे १२ धरले तर पाच सत्रं. आता इंग्रजी आणि गणिताचे पायाभूत वर्ग वर्षानुवर्षं करायला लावत नाहीत, २०१७ च्या कायद्यापासून थेट पदवीच्या पातळीच्या विषयात बसवतात. घाई असेल तर आधी वर्षभराचं प्रमाणपत्र, मग त्याच युनिटवर पदवी, असा प्लॅन समुपदेशकाला मागा. मुलं असलेल्या विद्यार्थ्यांना वर्गनोंदणी इतरांच्या आधी करता येते, हा २०२३ पासूनचा हक्क आहे. तो वापरलात तर मुलाच्या शाळेच्या वेळेत बसणारे सकाळचे वर्ग मिळतात. वेळापत्रकात 'झिरो टेक्स्टबुक कॉस्ट' अशी खूण असलेले वर्ग निवडलेत तर पुस्तकांचा खर्चही वाचतो.

मदत कमी करणार असल्याची नोटीस आली. काय करू?

नोटीस ज्या दिवशी लागू होणार, त्या तारखेच्या आधी स्टेट हिअरिंग, म्हणजे राज्याकडे सुनावणी, मागा. तसं केलंत तर निर्णय होईपर्यंत मदत पूर्वीइतकीच चालू राहते. मात्र निर्णय विरुद्ध गेला तर मधले पैसे परत मागू शकतात. ती तारीख चुकली तरी नोटिशीपासून ९० दिवसांपर्यंत सुनावणी मागता येते. नोटिशीच्या मागच्या बाजूलाच विनंतीचा भाग छापलेला असतो. तिथे 'मराठी दुभाषी हवा' असंही लिहा, दुभाष्याचे पैसे लागत नाहीत. सुनावणीला डब्ल्यूटीडब्ल्यू २ ची प्रत, त्या महिन्यांची वर्गांची वेळापत्रकं, हजेरीचे कागद आणि काउंटीला दिलेल्या प्रत्येक कागदावरचा तारखेचा शिक्का न्या. शिक्का मारून घ्यायची सवय पहिल्या दिवसापासून लावा. खिडकीतून कागद आत सरकवला की दुसरी प्रत पुढे करायची आणि 'या माझ्या प्रतीवर शिक्का द्या' म्हणायचं. ऑनलाइन पाठवलात तर पोच दिसणाऱ्या पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा.